पाण्याची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शिवनेरी उभा राहतो, मग नाणेघाट, मग लेण्याद्री. हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. परंतु या मोठ्या इतिहासाच्या जोडीला दुसरा एक लहान इतिहास घरोघर रोज घडत असतो. त्याचे शिलालेख कोणी कोरीत नाही, त्याच्या बखरी कोणी लिहीत नाही. तो घडतो मोरीत, नदीच्या काठावर, धुण्याच्या दगडापाशी. आज आम्ही आपल्याला गडावर न नेता मोरीतच नेणार आहोत. राग मानू नये.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती अडचणीमुळे. आमच्या घरातील वॉशिंग मशीन एके दिवशी ऐन धुण्यात थांबले. आत कपडे, अर्धे पाणी, भोवती फेस, आणि काचेच्या लहानशा चौकटीवर दोन अक्षरे लुकलुकत असलेली. पुस्तिका पाहिली. पाण्याची पातळी कळविणाऱ्या सेन्सरमध्ये दोष, असा त्या अक्षरांचा अर्थ निघाला. घरातील तरुण मंडळींनी तत्काळ उपाय केला. प्लग काढला, दहा मिनिटे थांबले, प्लग पुन्हा लावला. अक्षरे गेली. यंत्र मुकाट्याने चालू झाले आणि सर्वांना विजयाचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी अक्षरे परत आली. पुन्हा प्लग, पुन्हा दहा मिनिटे. तिसऱ्या दिवशी तोच प्रकार. तेव्हा आमच्या वहिनी, ज्यांना त्या तीन दिवसांत बादलीभर चादरी हाताने पिळाव्या लागल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, ते बिचारं काय सांगतंय ते पुसून टाकताय तुम्ही. पण ते का सांगतंय, हे कुणी विचारलंत का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुष्कळच मागे गेलो. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचीच हकीकत होय.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके नद्यांचे तालुके आहेत. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या साऱ्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरतात. या नद्यांच्या काठी गावे वसली आणि प्रत्येक गावाने आपला पाणवठा आणि आपला धुण्याचा दगड ठरविला. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कातळात खोदलेल्या या पोढ्या दान म्हणून दिल्या जात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथे पाण्याचा साठा हे पुण्याचे काम समजले जाई. परंतु पोढी खोदून भागत नसे. दर पावसाळ्यात वरून माती येणार, तळाला गाळ बसणार. तो उपसला नाही तर पोढी वरून भरलेली दिसे आणि आत मात्र अर्धी चिखलाची असे. पाणी जेथे थांबते तेथे गाळ बसतो, आणि गाळ बसला की माप चुकते. ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ तीत आहे.

जुन्या गावगाड्यात धुणे हे दोन ठिकाणी होई. रोजचे धुणे घरातील बाईकडे आणि मोठे धुणे परटाकडे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या कामाचा मोबदला पैशात नसे, सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. लग्नात पायघड्या घालण्याचा मान त्याचा. कडक घडी घातलेल्या वस्त्राला आपण आजही 'परीटघडी' म्हणतो. ज्यांनी उभा महाराष्ट्र हातात खराटा घेऊन झाडला ते संत गाडगेबाबाही (1876–1956) याच समाजातले.

या परटाचे ज्ञान कोणते होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. कपडा कोणाचा हे ओळखण्यासाठी तो बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात खूण करी. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. रेशमी वस्त्राला रीठा, जाड सुताला पापडखार, मळकट घोंगडीला वेगळी रीत, हे सारे त्याला ठाऊक असे. भट्टीवरचे कपडे केव्हा उतरवायचे हे तो वाफेच्या वासावरून ठरवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला पाणी कळे. कोणत्या विहिरीचे पाणी जड, कोणत्या डोहाचे हलके, पावसाळ्यात नदी गढूळ झाली की किती दिवस थांबायचे, हे त्याचे रोजचे शास्त्र होते.

घरातील बाईंचेही तसेच. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात साबणही फेसाळत नाही, हा अनुभव आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेवाचून मिळविला होता. आपला हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा आहे. या कातळाच्या फटींतून मुरलेल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. नदीचे वाहते पाणी त्या मानाने मऊ, विहिरीचे जड, आणि खोल बोअरचे बहुधा अधिकच जड. कपडा पुरता खळबळून निघाला की नाही हे बाई बोटांना लागणाऱ्या बुळबुळीवरून ओळखी. पाणी फार कढत आहे की काय हे ती कोपराने पाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तिचा हात हाच सेन्सर होता, आणि त्या सेन्सरमध्ये दोष आला तर तो तिच्या सांध्यांत येई. या जुन्या धुण्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पौषातल्या पहाटे कुकडीच्या पाण्यात हात घालून ज्यांनी धुणी धुतली, त्यांना त्यात काव्य दिसले नसेल.

पुढे साबण आला. गोदरेज यांनी 1918 साली कपडे धुण्याचा साबण बाजारात आणला. 1959 साली सर्फची पूड आली. 1969 पासून निरमा आला आणि खेड्यापाड्यांतही रीठा मागे पडून पूड आली. हा बदल लहान वाटतो, पण तो फार मोठा आहे. रीठा किती घ्यावा हे पाणी पाहून ठरत असे. पूड किती घ्यावी हे पुड्यावर छापलेले असते, आणि पुड्यावर छापणाऱ्याने नारायणगावच्या बोअरचे पाणी पाहिलेले नसते. मग फेस येईना म्हणून आपण आणखी एक चमचा टाकतो, आणि तरीही येईना म्हणून आणखी एक.

यंत्राची कथा मात्र परदेशात सुरू होते. रेगेन्सबुर्ग येथील शेफर नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने 1767 साली धुण्याच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली. तेव्हा पुण्यात थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती. ते यंत्र म्हणजे लाकडी पिंप आणि आत हाताने फिरवावयाचा दांडा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याला विजेची मोटार लागली. 1937 साली बेंडिक्स कंपनीचे यंत्र आले. ते पाणी भरणे, धुणे, खळबळणे आणि पिळणे ही कामे एकामागून एक आपली आपणच करी. आपल्याकडे ही यंत्रे शहरांतून रुजली आणि मग खेड्यांकडे वळली. आज शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ती तयार होतात.

आपल्या गावांत प्रथम आले ते दोन कप्प्यांचे यंत्र. एका कप्प्यात धुवावयाचे, कपडे हाताने काढून दुसऱ्यात पिळावयाचे. पाणी बादलीने ओतले तरी चाले. वीज गेली तर यंत्र थांबे आणि वीज आली की चावी फिरवून ते पुन्हा चालू करता येई. त्याला स्मरणही नव्हते आणि तक्रारही नव्हती. ज्या गावात नळाला पाणी ठराविक वेळीच येते आणि शेतीपंप चालू झाले की दिवे मंद होतात, त्या गावाला हे यंत्र मानवले यात नवल नाही. त्यात पाणी किती आहे हे माणूस वाकून पाही.

पुढचे यंत्र स्वतः पाहू लागले. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक लोत्फी झादेह यांनी 1965 साली एक गणिती विचार मांडला. 'थोडे मळलेले', 'बरेच मळलेले' असल्या संदिग्ध शब्दांनाही गणितात स्थान देता येते, असा तो विचार. 1990 साली जपानात त्यावर चालणारे वॉशिंग मशीन विक्रीस आले. आमची वहिनी बोटांनी जे ठरवीत होती, ते ठरविण्याचा अधिकार आता यंत्राने मागितला. पण ठरवावयाचे तर आधी कळावयास हवे, आणि कळावयाचे तर साक्षीदार हवेत. पाणी किती, ते किती गरम, दार लागले की नाही, पिंप किती वेगाने फिरते, हे सांगणारे सेन्सर म्हणजे ते साक्षीदार होत.

यांतील पाण्याचा साक्षीदार कसा काम करतो हे पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा एक पूर्वज आपल्या लग्नमंडपात होता. घटिकापात्र वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडावयाची. भोकातून पाणी आत शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. मग ती वाटी काढून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावयाची. अशा साठ घटिका भरल्या की एक अहोरात्र होई. पाण्याची पातळी पाहून पुढची कृती ठरविणारे हे आपले जुने साधन, आणि वाटी रिकामी करून पुन्हा ठेवणे हे त्याचे रीसेट. पण जाणता जोशी वाटी नुसती रिकामी करीत नसे. भोकात कचरा अडकला नाही ना, हे पाहून ती पुसून ठेवी. कारण भोक अर्धे बुजले तर घटिका लांबे, आणि घटिका लांबली तर मुहूर्त टळे. वाटी कितीही वेळा रिकामी केली, तरी बुजलेले भोक त्याने मोकळे होत नाही.

यंत्रातील रचना अशीच साधी आहे. पिंपाच्या तळाशी एक लहान हवेची कुपी असते आणि तिच्यापासून एक बारीक रबरी नळी वर जाते. पिंपात पाणी चढू लागले की कुपीतील हवा कोंडते आणि दाबली जाते. तो दाब नळीतून वरच्या पातळ पडद्यावर येतो. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब हा हवेच्या दाबाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकाच असतो, तरी पडद्याला तेवढा पुरतो. जुन्या यंत्रांत पडदा हलला की विजेचा खटका पडे. नव्या यंत्रांत पडद्याबरोबर एक लहानसा गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकतो, त्याने विजेच्या कंपनांची संख्या बदलते आणि त्या संख्येवरून यंत्राचा मेंदू पाण्याची पातळी ओळखतो. म्हणजे त्याने पाणी पाहिलेले नसतेच. त्याने पाहिलेला असतो एका नळीतील हवेचा दाब.

आता या नळीच्या तोंडाशी गाळ बसला तर? आमच्या यंत्रात नेमके तेच झाले होते. मिस्त्री आले, त्यांनी प्लग काढून मागचा पत्रा उघडला आणि बोटाएवढ्या जाडीची नळी काढून आम्हांला दाखविली. कुपीच्या तोंडाशी पांढुरकी, घट्ट, खरवडावी लागेल अशी राड साचली होती. बोअरचे पाणी जड, म्हणून फेस कमी, म्हणून पूड जास्त. जास्तीची पूड आणि पाण्यातील चुना यांची मिळून राड, राडीने कुपी बुजलेली, म्हणून दाब खोटा, म्हणून ती दोन अक्षरे. सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून आमच्या मोरीतील काचेच्या चौकटीपर्यंत ही साखळी अखंड होती, आणि आम्ही तीन दिवस तिची शेवटची कडी तेवढी पुसत बसलो होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

याचा अर्थ रीसेट निरर्थक आहे असा मात्र नव्हे. विजेचा दाब अचानक पडला किंवा वीज क्षणभर जाऊन आली की मेंदूचा हिशेब अर्धवट राहतो, आणि साक्षीदार खरे बोलत असूनही तो दोषाची नोंद धरून बसतो. अशा वेळी पिंपातील पाणी काढून टाकावे, प्लग काढावा, पाच-दहा मिनिटे थांबावे म्हणजे आत साठलेली वीज ओसरते, आणि मग यंत्र रिकामेच एकदा चालवून पाहावे. पाणी आधी काढावयाचे ते अशासाठी, की यंत्राने शून्य म्हणून जे धरावयाचे ते खरोखरीच शून्य असावे. घटिकापात्राची वाटी आधी रिकामी करीत ती याच कारणाने. काही यंत्रांत यासाठी बटणांची विशिष्ट जोडी दाबावी लागते. ती प्रत्येकाची निराळी असते आणि त्यासाठी पुस्तिकाच पाहावी.

एवढ्याने अक्षरे गेली आणि परत आली नाहीत तर दोष क्षणिक होता. परत आली तर मात्र ती तक्रार खरी समजावी. नळ पुरता उघडा आहे का, पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी क्षारांनी बुजली आहे का, पाणी बाहेर टाकणारी नळी दुमडली आहे का, तिच्या वाटेवरील गाळणीत नाणे किंवा सेफ्टीपिन अडकली आहे का, हे कोणालाही पाहता येते. पत्रा उघडणे मात्र मिस्त्रीचे काम. वीज आणि पाणी एकत्र असतात तेथे घरगुती धाडस नको. पूड बेताने घालावी, आणि पुस्तिकेत मनाई नसेल तर अधूनमधून गरम पाणी आणि लिंबूफूल घालून यंत्र रिकामे चालवावे. चुन्याची राड आंबटाला वश होते, हेही आपल्या स्वयंपाकघराला नवे नाही.

आपल्याच तालुक्यात खोडदला साक्षीदारांचे एक फार मोठे कुटुंब आहे. डॉ. गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा मध्यभागी आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून येणारा क्षीण संदेश त्या ऐकतात. पण तेथील शास्त्रज्ञ आपल्या यंत्रावर आंधळा विश्वास टाकीत नाहीत. निरीक्षण चालू असताना मधून मधून ते थाळ्या एखाद्या ठाऊक असलेल्या आकाशस्थ स्रोताकडे वळवितात आणि यंत्र त्याच्याविषयी खरे सांगते की नाही ते पडताळून घेतात. यंत्र नुसते बंद करून चालू करणे निराळे, आणि त्याचे सांगणे ठाऊक असलेल्या सत्याशी ताडून पाहणे निराळे. खोडदच्या थाळ्यांना जो न्याय, तोच मोरीतील नळीला.

या सर्वांत पणाला काय लागले आहे, असे कोणी विचारील. एक यंत्र बंद पडले तर दुसरे येईल. पण हिशेब तेवढाच नाही. पुढून कपडे घालावयाच्या यंत्राला एका धुण्यास साधारण पन्नास-साठ लिटर पाणी लागते, वरून घालावयाच्या यंत्राला त्याच्या दुपटीच्या आसपास. साक्षीदार खोटा बोलू लागला की यंत्र भरते, ओतते आणि पुन्हा भरते. हे पाणी कोठून आले ते आपण विसरू नये. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. यांपैकी डिंभ्याच्या जलाशयात आंबेगाव हे गावच बुडाले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते गाव आज पाण्याखाली आहे, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. त्या गावाचा पाणवठा गेला, धुण्याचे दगड गेले, घोडनदीच्या काठावरच्या गप्पा गेल्या. आणि त्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरवाड्यांतील बायांना उन्हाळ्यात हंडा घेऊन उतार उतरावा लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे अक्षरशः खरी आहे. अशा पाण्याची एक पिंपभर नासाडीही लहान नव्हे.

दुसरी गोष्ट कष्टांची. यंत्र थांबले की घरातील पुरुष प्लग काढतात आणि बायका बादली उचलतात. आमच्या घरी तरी तीन दिवस हेच झाले, हे कबूल करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. वाटला पाहिजे तो त्या तीन दिवसांबद्दल. वहिनींनी विचारलेला प्रश्न आमच्या ध्यानात आधी आला नाही, कारण धुण्याचे पाणी आमच्या हातांना कधी लागलेच नव्हते.

परटाचे आणि आज्यांचे ज्ञान यंत्राने हिरावून घेतले असे आम्ही म्हणत नाही. यंत्राने कष्ट घेतले, आणि ते घ्यावेतच. परंतु आपल्या विहिरीचे पाणी जड की हलके हे जाणण्याचे काम त्याने घेतलेले नाही, ते आपल्याकडेच राहिले आहे. मिस्त्रींनी कुपी धुऊन नळी जागेवर बसविली, पत्रा लावला, प्लग लावला आणि शेवटी रीसेट केले. क्रम एवढाच बदलला होता. त्या दिवसापासून पुडीचा चमचा वहिनींनी आपल्या ताब्यात घेतला आहे.